मऊ जेलमधील चुंबकीय अनुस्पंदन: तापमान नेमके कुठे काम करते

इतर वाचकांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही इंदूरमध्येच सिलिकोनच्या मऊ जेलमध्ये मॅग्नेटाइटचे सुमारे २० नॅनोमीटर व्यासाचे कण आकारमानाने ५ टक्के मिसळून पातळ चकत्या तयार केल्या. चकतीचे प्रतल चुंबकीय क्षेत्राला लंब ठेवून ९.४ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मतरंगांवर तिची शोषणरेषा घेतली, म्हणजे क्षेत्र वाढवत नेताना चकती ते तरंग कोणत्या क्षेत्राला सर्वाधिक शोषते (हेच अनुस्पंदन) ते नोंदवले. खोलीला वातानुकूलन नाही, त्यामुळे जानेवारीतली मोजणी १४ अंश सेल्सियसला झाली आणि मे महिन्यातली ३८ अंशांना. जानेवारीत रेषेचे केंद्र ३४६० गॉसला होते, मे महिन्यात तीच चकती ३२८० गॉसला आली, आणि रेषा थोडी अरुंदही झाली. जेलचा कर्तन-गुणांक (आकार बदलायला पदार्थ किती विरोध करतो त्याचे माप) सुमारे २००० पास्कल आहे. तापमान वाढले की अनुस्पंदन कमी क्षेत्राकडे सरकते, असा निष्कर्ष यावरून लिहावा का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

माझे उत्तर असे आहे की हा निष्कर्ष आत्ता लिहू नये. १८० गॉसची ही घसरण खरी असावी. पण तुम्ही दोन तापमानांची तुलना करताना नकळत चकतीच्या आयुष्यातील दोन टप्प्यांचीही तुलना केलेली आहे, आणि आकडे पाहता घसरणीचा मोठा भाग या दुसऱ्या तुलनेचा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. असे मी का म्हणतो ते क्रमाने सांगतो. (मी ‘अनुस्पंदन’ हा मराठी शब्द वापरतो आहे. आपल्याकडच्या हिंदी पाठ्यपुस्तकांत यालाच ‘अनुनाद’ म्हणतात आणि प्रयोगशाळेत आपण सगळेच ‘रेझोनन्स’ म्हणतो.)

प्रथम चुंबकाचा वाटा पाहू. जी-गुणक (अनुस्पंदन किती क्षेत्राला येईल हे ठरवणारी पदार्थाची संख्या) २ असलेल्या मोकळ्या आभ्रामांसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या स्पिनसाठी, ९.४ गिगाहर्ट्झला अनुस्पंदनाचे क्षेत्र सुमारे ३३५० गॉस येते. मॅग्नेटाइटचा जी-गुणक २.१ च्या आसपास असल्यामुळे ते ३२०० पर्यंत खाली येते. मॅग्नेटाइटचे संपृक्त (जास्तीत जास्त शक्य) चुंबकन क्षेत्राच्या भाषेत ०.६ टेस्ला, म्हणजे ६००० गॉस आहे. ५ टक्के कण असलेल्या आणि क्षेत्राला लंब ठेवलेल्या चकतीत विचुंबकन क्षेत्र (चकतीच्या स्वतःच्या चुंबकनामुळे आत उलट दिशेने तयार होणारे क्षेत्र) त्याच्या ५ टक्के, म्हणजे सुमारे ३०० गॉस होते, आणि तेवढे बाहेरचे क्षेत्र आपल्याला अधिक द्यावे लागते. म्हणजे कण जेलमध्ये नीट विखुरलेले असतील तर रेषा ३५०० च्या जवळ यावी. तुमचा जानेवारीचा आकडा या अपेक्षेला धरून आहे. मला त्यावर विश्वास वाटतो तो यामुळेच.

आता या ३०० गॉसमध्ये २४ अंशांचा फरक किती ढवळाढवळ करू शकेल? मॅग्नेटाइटचे क्यूरी तापमान (ज्याच्या वर त्याचे चुंबकत्व नाहीसे होते) ५८५ अंश सेल्सियसच्या आसपास आहे, म्हणजे इंदूरचा जानेवारी आणि इंदूरचा मे हे दोन्ही त्याच्या दृष्टीने थंडच आहेत, आणि एवढ्या फरकात चुंबकन एखाद्या टक्क्यानेच घटते. उलट सिलिकोन फुगण्यात फार तत्पर आहे. त्याचा रेषीय प्रसरण-गुणांक दर अंशाला सुमारे ०.०००३ आहे, म्हणजे आकारमान दर अंशाला ०.०००९ पटीने वाढते, आणि २४ अंशांत चकती सुमारे २ टक्क्यांनी फुगते. कण तेवढेच राहतात, त्यामुळे त्यांचे प्रमाण २ टक्क्यांनी विरळ होते. दोन्ही परिणाम एकाच दिशेचे आहेत. त्यांची बेरीज ३ टक्के धरली तर ३०० गॉसचे ९ गॉस होतात. या संख्येत एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे, आणि ती बहुतेकांच्या हातून निसटते. रबराच्या पोटातील चुंबकाच्या बाबतीत नेहमीच्या तापमानाला रबराचे प्रसरण हे चुंबकन घटण्यापेक्षा मोठे कारण असते. धातूच्या पातळ थरांवर काम करून आलेला माणूस प्रसरणाचा विचारच करत नाही, कारण लोखंडाचा प्रसरण-गुणांक सिलिकोनच्या पंचविसाव्या भागाइतका आहे.

चुंबकाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे विषमदिक्ता. कणाच्या आत चुंबकनाला काही दिशा अधिक मानवतात. त्या ओढीची ऊर्जा या आकाराच्या मॅग्नेटाइटसाठी घनमीटरला दहा हजार ज्यूलच्या घरात असते, आणि तिचे क्षेत्रात रूपांतर केले की सुमारे ४०० गॉस येतात. ही विषमदिक्ता तापमानाबरोबर चुंबकनापेक्षा वेगाने घटते. सिद्धांतानुसार एकाक्षीय प्रकारात ती चुंबकनाच्या तिसऱ्या घाताने, तर घनाकृती प्रकारात दहाव्या घाताने घटते. चुंबकन एक टक्क्याने घटले तर ती ३ ते १० टक्क्यांनी घटेल, म्हणजे अगदी ओढूनताणून ४० गॉस. शिवाय कणांचे अक्ष सर्व दिशांना विखुरलेले असतील तर रेषेचे केंद्र त्याहूनही कमी हलते, बदल प्रामुख्याने रुंदीत दिसतो. सगळे मिळून चुंबकाच्या खात्यात फार तर ५० गॉस जमा होतात, आणि तुमच्याकडे १८० आहेत. बाकीचा हिशेब जेलला द्यावा लागेल.

जेल हिशेब कसा देतो ते समजण्यासाठी दोन घड्याळे वेगळी ठेवावी लागतात. चुंबकन आपल्या दिशेभोवती एक फेरी सेकंदाच्या एक हजार कोटीव्या भागात पूर्ण करते. एवढ्या वेळात कण स्वतः वळू शकत नाही. पाण्यासारख्या पातळ द्रवातसुद्धा आवरणासह २४ नॅनोमीटरच्या कणाला उष्णतेच्या धक्क्यांनी आपली दिशा विसरायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे पन्नास हजार पट जास्त. म्हणून अनुस्पंदनाच्या क्षणी माध्यम द्रव आहे की रबर की काच, याने फरक पडत नाही, हे पुस्तकी वाक्य बरोबरच आहे. परंतु वर्णपट घ्यायला तुम्ही क्षेत्र शून्यापासून पाच-सहा हजार गॉसपर्यंत काही मिनिटांत चढवता. त्या मिनिटांत कणाला वळायला आणि सरकायला भरपूर सवड मिळते. अनुस्पंदन घडते तेव्हा कण ज्या स्थितीत पोहोचलेला असतो त्या स्थितीचे छायाचित्र रेषेत उमटते. श्यान-स्थितिस्थापक (काहीसे द्रवासारख्या, काहीसे रबरासारख्या) माध्यमाचा परिणाम अनुस्पंदनावर होतो तो असा मागच्या दाराने.

कण किती वळेल याचा अंदाज सोपा आहे, आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात कणाचा आकार उरतच नाही. चुंबकन कणाला वळवते ते जास्तीत जास्त विषमदिक्तेची ऊर्जा गुणिले कणाचे आकारमान एवढ्या परिबलाने (वळवणाऱ्या जोराने). भोवतालचे स्थितिस्थापक माध्यम त्याला विरोध करते ते कर्तन-गुणांकाच्या सहापट गुणिले आकारमान गुणिले वळलेला कोन एवढ्याने. आकारमान दोन्हीकडून गळते. घनमीटरला ज्यूल आणि पास्कल ही एकके एकच असल्यामुळे थेट भागाकार करता येतो. दहा लाख पास्कलच्या घट्ट रबरात कोन एका अंशाचा दहावा भाग भरतो, म्हणजे कण जागचा हललाच नाही असे समजावे. दहा हजार पास्कलला तो दहा अंश होतो. तुमच्या २००० पास्कलच्या जेलमध्ये तो पन्नास अंशांच्या जवळ जातो. म्हणजे तुमच्या चकतीत प्रत्येक मोजणीच्या वेळी कणांचे अक्ष बऱ्याच प्रमाणात क्षेत्राकडे वळत आहेत, आणि अक्ष क्षेत्राकडे वळले की रेषा कमी क्षेत्राला येते आणि अरुंदही होते. एक सावधगिरी मात्र बाळगा. कण जर जेलच्या जाळीच्या छिद्रांहून लहान असेल तर तो जाळीशी झगडत नाही, छिद्रातील द्रवातच फिरतो, आणि मग प्रवाहमापकावर (रिओमीटरवर) मोजलेला गुणांक त्याला लागू होत नाही.

वळण्याखेरीज सरकणेही आहे. २० नॅनोमीटरच्या दोन शेजारी कणांमधील आकर्षण उष्णतेच्या ऊर्जेच्या कित्येक पट असते. २००० पास्कलच्या जेलमध्ये ते कणाला सुमारे १० नॅनोमीटर, म्हणजे स्वतःच्या अर्ध्या व्यासाइतके सरकवू शकते. असे कण क्षेत्राच्या दिशेने एकामागे एक ओळीत येऊ लागतात. ओळीतल्या शेजाऱ्यांचे क्षेत्र बाहेरच्या क्षेत्रात मिळते, त्यामुळे अनुस्पंदनाला बाहेरून कमी क्षेत्र पुरते. अगदी एकमेकांना टेकलेल्या गोल कणांच्या लांब साखळीसाठी ही घट चुंबकनाच्या तीन-दशांश, म्हणजे मॅग्नेटाइटसाठी १८०० गॉसपर्यंत जाते. केंद्रांमधील अंतर व्यासाच्या दीडपट झाले तर ती ५०० गॉसवर येते. अर्धवट, तुटक साखळ्यांनी १८० गॉस मिळणे यात आश्चर्य काहीच नाही.

आता कळीचा मुद्दा येतो. क्षेत्र काढून घेतल्यावर कणांच्या या साखळ्या पूर्ण मोडतात का? जेलच्या रेणूंची जाळी परिपूर्ण असती तर मोडल्या असत्या. परंतु मऊ जेल आपण मुद्दाम कमी जोडण्या ठेवून बनवतो, आणि त्यात जाळीला न बांधलेल्या किंवा एकाच टोकाने बांधलेल्या, लोंबणाऱ्या सिलिकोनच्या रेणूंच्या साखळ्या पुष्कळ असतात. त्यांच्यामुळे पदार्थ प्रत्येक मोजणीत थोडा सरकतो आणि थोडा तसाच सरकलेला राहतो. जानेवारी ते मे या काळात तुम्ही ती चकती किती वेळा क्षेत्रात ठेवली? तुमच्या टिपणात चार वेगवेगळ्या प्रयोगांचा उल्लेख आहे. मे महिन्यातली चकती ही जानेवारीतली चकती राहिलेली नाही, अशी माझी शंका आहे, आणि ही शंका तपासणे अवघड नाही. तीच चकती बर्फाच्या पाण्याने गार केलेल्या हवेच्या झोतात १४ अंशांना आणा आणि पुन्हा मोजा. रेषा ३४६० कडे परतली तर मी चुकलो आणि तापमान खरे. ती ३२८० ते ३३०० मध्येच राहिली तर फरक इतिहासाचा आहे.

याच प्रकारची चूक या विषयाच्या जन्माच्या वेळीही समोर आली होती. झावोइस्की यांनी कझान येथे १९४४ मध्ये इलेक्ट्रॉनांचे चुंबकीय अनुस्पंदन शोधले. १९४६ मध्ये ग्रिफिथ्स यांनी ऑक्सफर्डला लोहचुंबकी धातूंत अनुस्पंदन पाहिले, तेव्हा ते अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी क्षेत्राला आले आणि जी-गुणक अवास्तव मोठा निघू लागला. किटेल यांनी १९४७-४८ मध्ये दाखवले की इलेक्ट्रॉनात काही विचित्र घडलेले नाही, नमुन्याच्या आकारामुळे आतले क्षेत्रच वेगळे आहे. रेषा हलली की आधी आतल्या क्षेत्राची चौकशी करावी, हा धडा तेव्हापासून आहे. मऊ पदार्थात भर एवढीच पडते की आतली रचना, आणि तिच्याबरोबर आतले क्षेत्र, मोजता मोजता बदलते.

मग तापमानाचा खरा परिणाम कुठे पाहायचा? तो माध्यमाच्या काच-संक्रमणाजवळ (ज्या तापमानाखाली माध्यम काचेसारखे कडक होते त्याच्याजवळ) शोधावा, आणि इथेच हा विषय खरा समृद्ध आहे. काच-संक्रमणाच्या खाली माध्यमाचा गुणांक शंभर कोटी पास्कलच्या घरात जातो आणि कण जिथे असेल तिथे गोठतो. त्याच्या वर माध्यमाची शिथिलतेची (आतला ताण ओसरण्याची) गती किती झपाट्याने वाढते हे विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांच्या १९५५ च्या सूत्रावरून काढता येते. त्यातील सर्वसाधारण स्थिरांक घेतले तर संक्रमणाच्या वर पहिल्या १० अंशांतच शिथिलता सुमारे सातशे पट जलद होते आणि २० अंशांत सत्तर हजार पटींहून अधिक. चुंबकाच्या बाजूला एवढ्या अंतरात जवळजवळ काहीच घडत नाही. त्यामुळे या पट्ट्यात रेषा हलली तर ती माध्यमामुळे हलली असे बरेचसे निःशंकपणे म्हणता येते. कॅलरीमापकाने काढलेले काच-संक्रमण तापमान साधारणपणे शंभर सेकंदांच्या शिथिलतेशी जुळते, आणि आपले क्षेत्र चढवण्याचा काळही त्याच घरातला असतो, म्हणून वर्णपटातील बदल त्या तापमानाजवळच सुरू होतो. एक हर्ट्झवर कंप देऊन मोजलेले संक्रमण काही अंशांनी वर येते. त्याच्याशी तुलना करून विसंगती आढळली म्हणून घाबरू नये.

तुमच्या सिलिकोनचे काच-संक्रमण उणे १२५ अंश सेल्सियसच्या, म्हणजे सुमारे १४८ केल्विनच्या जवळ आहे. १४ आणि ३८ ही दोन्ही तापमाने त्याच्यापासून इतकी दूर आहेत की श्यानता या दोहोंत दुपटीनेही बदलत नाही. सिलिकोन तेले याच गुणासाठी प्रसिद्ध आहेत. जाळीचा गुणांक तर तापमानाबरोबर किंचित वाढतो, कारण रबराची स्थितिस्थापकता साखळ्यांच्या विस्कळीतपणातून येते आणि निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असते. २४ अंशांत ही वाढ ८ टक्के. ही वाढ कणांचे वळणे कमी करणारी आहे, म्हणजे तुमच्या निरीक्षणाच्या उलट दिशेची. तुम्ही सिलिकोनऐवजी जिलेटिन घेतले असते तर गोष्ट वेगळी होती. ते जेल तिशीच्या पुढच्या अंशांत वितळते, आणि आपल्या मे महिन्यात तुमच्या हाती काळसर पाणी उरले असते.

म्हणून पुढील काम असे करा. ताजी चकती क्षेत्राशिवाय झपाट्याने थंड करून १३५ केल्विनला स्थिर करा. हे तापमान मी विचारपूर्वक सांगतो आहे: त्याच्या वर १४८ ला सिलिकोन सुटते, आणि खाली १२० ते १२५ केल्विनला मॅग्नेटाइटचे व्हेरवे संक्रमण आहे, जिथे विषमदिक्ता स्वतःच बदलते. द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला मोजाल तर दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतील. थंड करताना रेंगाळू नका, कारण सिलिकोन उणे पन्नासच्या खाली हळूहळू नेले की त्याचे स्फटिक बनतात आणि ते कणांना बाहेर ढकलतात. गोठलेल्या चकतीची रेषा चकती शून्य ते नव्वद अंश फिरवून घ्या आणि चकतीच्या आकारामुळे येणारा, वर दाखवल्याप्रमाणे मोजता येणारा भाग वजा करा. उरलेला कोनावलंबी भाग शून्याजवळ असेल तर कण विखुरलेले आहेत. मग चकती खोलीच्या तापमानाला आणून ५००० गॉसमध्ये तासभर ठेवा आणि क्षेत्र चालू असतानाच पुन्हा गोठवून तीच फेरी करा. या दोन वर्णपटांतील फरक म्हणजे जेलने कणांना दिलेली मोकळीक. त्यात चुंबकाच्या तापमानाचा अंशही नाही, कारण दोन्ही एकाच तापमानाला घेतलेले आहेत.

खोलीच्या तापमानालाही एक स्वस्त चाचणी आहे. क्षेत्र १, ४ आणि १६ मिनिटांत चढवा, आणि प्रत्येक वेळी उतरवतानाही रेषा नोंदवा. कणाच्या आतले चुंबकन या आकाराला मायक्रोसेकंदांच्या हिशेबात उलटसुलट होते, त्याला मिनिटांचे भान नाही. चढताना आणि उतरताना रेषा वेगळ्या जागी आली, किंवा वेळेप्रमाणे सरकली, तर दोषी माध्यमच आहे.

तापमान मोजण्याविषयीही सांगतो, कारण यात मी स्वतः एकदा फसलो आहे. सुरुवातीच्या काळात एका पॉलियुरेथेनच्या नमुन्यात तापवताना आणि थंडावताना रेषेचे मार्ग वेगळे आले, आणि मी तीन आठवडे एका नव्या चुंबकीय संक्रमणाच्या आनंदात होतो. तापयुग्म (तापमान मोजणारे थर्मोकपल) काचनळीच्या बाहेर होते आणि नमुना त्याच्या मागे रखडत होता. रबरातून उष्णता फार सावकाश जाते: ४ मिलिमीटर जाडीच्या नमुन्याला फक्त स्वतःच्या आत समतोल साधायला मिनिटभर लागतो, आणि नळीची भिंत व वायूचा झोत धरून प्रत्येक तापमानाला दहा मिनिटे थांबणे मी सक्तीचे मानतो. तापयुग्म नमुन्याला टेकलेले असावे, परंतु सूक्ष्मतरंगांच्या पोकळीच्या (नमुना ज्या धातूच्या कप्प्यात ठेवतो त्याच्या) मध्यभागी येऊ नये. त्याची पडताळणी करताना आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहोत हे विसरू नका. इंदूरमध्ये पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते आणि द्रव नायट्रोजन ७६.८ केल्विनला. पुस्तकातले १०० आणि ७७.४ बसवून घ्याल तर संपूर्ण तापमानपट्टी तिरकी होईल. शेजारी डीपीपीएच या प्रमाण म्हणून वापरल्या जाणाऱ्या पदार्थाचा कणभर नमुना ठेवला, ज्याचा जी-गुणक २.००३६ आहे, तर क्षेत्राची मोजपट्टी दिवसागणिक सरकते का तेही कळते. वातानुकूलन नसलेल्या खोलीत विद्युतचुंबकही तापतो, आणि त्या बाबतीत जानेवारी-मेचा फरक गृहीत धरण्यापेक्षा मोजलेला बरा.

तुमच्या वाचनात ‘चुंबक-स्थितिस्थापक अनुस्पंदन’ या नावाचे काम आले असेल. त्यात सूक्ष्मतरंगांचा संबंध नसतो. कार्बोनिल लोखंडाचे (बारीक गोल कणांच्या लोखंडी भुकटीचे) काही मायक्रोमीटरचे कण असलेल्या रबरी ठोकळ्याच्या यांत्रिक कंपनाची वारंवारता दहा ते शंभर हर्ट्झच्या घरात असते, क्षेत्राने गुणांक वाढतो म्हणून ती वाढते, आणि तापमानाने रबर मऊ झाले की घटते. ते निष्कर्ष आपल्या रेषेला लावू नका. तसेच हौसेने कार्बोनिल लोखंड आपल्या पोकळीत घालू नका: ९.४ गिगाहर्ट्झला लोखंडात तरंग दीड मायक्रोमीटरच्या आसपासच शिरतो, ५ मायक्रोमीटरच्या कणाचा गाभा त्याला दिसतच नाही, आणि रेषा इतकी रुंद व वाकडी येते की तिच्यातून तापमान वाचणे अशक्य होते.

शेवटी एक व्यावहारिक विनंती. पुढच्या वेळी एकाच मिश्रणातून किमान चार चकत्या ओता. त्यांतील दोन चुंबकापासून, अगदी टेबलावरच्या साध्या चुंबकापासूनही, दूर ठेवा, आणि प्रत्येकीच्या पाकिटावर तारीख, तापमान व ती किती वेळ किती क्षेत्रात होती हे लिहीत जा. जानेवारी आला की अस्पर्श चकती आणि वापरलेली चकती एकाच सकाळी, एकाच तापमानाला मोजा, आणि दोन्ही वर्णपट मला दाखवा. ते पाहण्याची मलाही उत्सुकता आहे.